उन्हेऱ्याचीं कुंडें व ज्वालामुखीची शंका

१

कर्जत व खालापूर हे तालुके इतिहासाच्या अभ्यासकांस अपरिचित नाहींत. कोंडाण्याचीं लेणीं, पेठचा कोथळीगड, महडचा वरदविनायक, १६६१ सालीं कारतलबखानाची फौज जेथें कोंडली गेली ती उंबरखिंड, आणि नाना फडणिसांनीं खोपोलीस बांधविलेला तलाव, या स्थळांविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे व पुढेंही लिहिलें जाईल. परंतु हीं स्थळें ज्या दगडावर उभीं आहेत, किंवा ज्या दगडांत कोरलेलीं आहेत, त्या दगडाची हकीकत आम्ही इतिहासाचे लोक भूस्तरशास्त्रज्ञांच्या हवालीं करून मोकळे झालों आहों. तो काळा दगड म्हणजे थिजलेला शिलारस. सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं जमिनीस भेगा पडून त्यांतून तो वाहिला, थरावर थर बसले, आणि माथेरानच्या व राजमाचीच्या कड्यांवर या थरांची जी उतरंड आज दिसते ती त्याच काळची होय.

जो मुलूख अग्नीनें घडविला त्याच्या पोटांत तो अग्नि अद्याप जागा असेल काय, ही शंका साहजिक आहे. ११ डिसेंबर १९६७ रोजीं कोयनेस मोठा भूकंप झाला. १९८३ सालीं शहापूर तालुक्यांत भातसा धरणाच्या आसपास धक्के बसले. २०१८ च्या अखेरीस पालघर जिल्ह्यांत डहाणूकडे धक्क्यांची मालिका सुरू झाली. असे प्रसंग आले कीं ही शंका पुन्हां मान वर काढिते. १९ जुलै २०२३ च्या रात्रीं खालापूर तालुक्यांत इर्शाळगडाच्या कुशींतील इर्शाळवाडीवर डोंगर कोसळला व ऐंशींहून अधिक माणसें गेलीं. तो अनर्थ अतिवृष्टीचा होता, भूगर्भांतील अग्नीचा नव्हे. पण ज्या वाडीवर डोंगर आला तिच्या शेजारच्या वाडीस हा भेद कोणी तरी समजावून सांगितला पाहिजे. निराधार भय दूर करणें आणि खऱ्या भयाकडे बोट दाखविणें, हीं दोन्ही ज्ञानाचींच कामें आहेत.

आमचें म्हणणें असें कीं, या शंकेचें उत्तर देण्यास जो पुरावा लागतो तो कांहीं अंशीं आमच्या वाचकांच्याच दप्तरांत आहे. तो पुरावा पाण्याच्या उष्णतेचा. भूगर्भांतील पाणी किती ऊन आहे, पूर्वीं किती होतें, आणि दोहोंत अंतर पडलें कीं नाहीं, या तीन प्रश्नांपैकीं पहिल्याचें उत्तर आजचा शास्त्रज्ञ देऊं शकतो. दुसऱ्याचें उत्तर जुन्या कागदांवांचून मिळत नाहीं. आणि पहिलीं दोन उत्तरें हातीं आल्यावांचून तिसरें संभवत नाहीं.

२

प्रथम पाणी हा साक्षीदार विश्वासू कां, तें पाहूं. कर्जतकडील कोणाही शेतकऱ्यास विचारिलें तर तो सांगेल कीं विहिरीचें पाणी पौषांत ऊन आणि वैशाखांत गार असतें. उष्णतामापक सोडून पाहिला तर खोल विहिरींत दोन्ही वेळां पारा जवळ जवळ एकाच अंशावर उभा राहतो. बदलते ती बाहेरील हवा व आपली कातडी. पाणी आपल्या जागीं असतें. सूर्याची ऊब व रात्रीचा गारवा जमिनींत फार खोल शिरत नाहींत. दहा-पंधरा मीटरांखालीं ऋतूंचें राज्य संपतें. पॅरिस येथील वेधशाळेच्या तळघरांत, जमिनीखालीं २८ मीटरांवर, लाव्हाझिये या रसायनशास्त्रज्ञानें १७८३ सालीं एक उष्णतामापक ठेवविला. उन्हाळा असो वा हिवाळा, त्याचा पारा हलेना, ही गोष्ट त्या काळच्या विद्वानांस मोठी नवलाची वाटली. आमच्या शेतकऱ्यास तेंच नवल विहिरीच्या काठीं रोज दिसत आलें आहे.

कोंकणांत ही स्थिर उष्णता वर्षभराच्या हवेच्या सरासरीइतकी, म्हणजे २७ अंशांच्या आसपास असते. (या लेखांत सर्वत्र सेल्सियसचे अंश समजावे.) जें पाणी वरच्या ऋतूंना दाद देत नाहीं, त्याची उष्णता वाढली तर कारण बहुधा खालींच शोधावें लागतें. ज्वालामुखीच्या बेटांवर विहिरी, झरे व तळीं यांच्या उष्णतेवर जी नजर ठेवितात ती याच न्यायानें.

फिलिपाईन्समध्यें ताल नांवाच्या सरोवरांत एक ज्वालामुखी बेट आहे व त्याच्या मुखांत पुन्हां एक तळें आहे. त्या तळ्याचें पाणी एरव्हीं ३० ते ३३ अंश असावयाचें. १९६५ च्या जुलैंत तें ४५ अंशांपर्यंत चढलें, आणि २८ सप्टेंबर १९६५ रोजीं स्फोट झाला. त्यांत सुमारें दोनशें माणसें मेलीं. पाण्यानें दोन महिने आधीं वर्दी दिली होती. अशी वर्दी प्रत्येक ज्वालामुखी देतोच असें नाहीं. परंतु जेथें नेहमींचा अंश माहीत नाहीं तेथें दिलेली वर्दीही कोणास ऐकूं येणार नाहीं.

दुसरें उदाहरण आपल्याच देशांतील आहे, व तें इतिहाससंशोधकांस अधिक बोधप्रद आहे. अंदमानांत पोर्ट ब्लेअरच्या ईशान्येस बॅरन नांवाचें निर्जन बेट आहे. भारतांतील जागा ज्वालामुखी काय तो हाच. १७८९ सालीं आर्चिबाल्ड ब्लेअर यानें तो धगधगत असतां पाहिला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभानंतर तो शांत झाला. त्याच्या पश्चिम किनाऱ्यावर, जुन्या शिलारसाच्या कडेस, समुद्राच्या पाण्यालगत एक ऊन झरा होता. जाणारा येणारा प्रत्येक गलबतवाला या झऱ्यांत हात घालून पाहावयाचा व आपल्या रोजनिशींत दोन ओळी लिहावयाचा. भूस्तर खात्याचा अधिकारी मॅलेट हा १८८४ सालीं तेथें गेला व त्यानें मागील सर्व प्रवाशांचे असे उतारे गोळा करून १८८५ सालीं आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. शतकाच्या पूर्वार्धांत जें पाणी जवळ जवळ उकळतें म्हणून वर्णिलें होतें तें मॅलेटच्या वेळीं पुष्कळच निवलें होतें. एका मनुष्याच्या आयुष्याएवढ्या काळांत हें अंतर पडलें, आणि तें कळलें तें जुन्या रोजनिशा चाळल्यामुळें. मॅलेटनें त्या बाबतींत केलें तें काम आमच्या वाचकांच्या नित्य व्यवसायाहून निराळें नव्हतें.

या कथेचा उत्तरार्धही लक्षांत ठेविण्याजोगा आहे. निवत चाललेल्या झऱ्यावरून डोंगर मेला असें कोणी म्हटलें असतें तर तें खोटें ठरलें असतें. दीडशेंहून अधिक वर्षें निजून तो १९९१ सालीं पुन्हां पेटला, व पुढेंही वेळोवेळीं पेटत राहिला. म्हणजे जागत्या ज्वालामुखीजवळचें पाणी शतकभरांत चढतें-उतरतें. आणि त्याचें उतरणें हें कायमचें अभयपत्र नव्हे.

३

आतां आपल्या टापूकडे वळूं. कर्जत-खालापुराच्या हद्दींत ऊन पाण्याचें नांवाजलेलें कुंड नाहीं. सर्वांत जवळचीं कुंडें उन्हेऱ्याचीं. महडच्या वरदविनायकाचें दर्शन घेऊन यात्रेकरू खोपोलीहून पालीच्या बल्लाळेश्वरास जातात, आणि पालीपासून थोड्याच अंतरावर उन्हेरें लागतें. कुंडांत स्नान करून पुढें जाण्याची रीत आहे. हीं कुंडें एकाकी नाहींत. पालघर जिल्ह्यापासून राजापुरापर्यंत, समुद्राशीं समांतर अशा सुमारें साडेतीनशें किलोमीटरांच्या पट्ट्यांत, अठराएक ठिकाणीं असे झरे आहेत. वज्रेश्वरीजवळील अकलोली व गणेशपुरी, पालीजवळील उन्हेरें, महाडाजवळील सव, रत्नागिरी जिल्ह्यांतील उन्हवरें, आरवली व तुरळ, आणि राजापुराजवळील उन्हाळें, हीं त्यांतील प्रमुख होत.

येथें नांवांकडे लक्ष द्यावें. संस्कृत उष्ण, प्राकृत उण्ह, मराठी उन्ह व ऊन, ही परंपरा सर्वश्रुत आहे. उन्हेरें, उन्हवरें, उन्हाळें या तिन्ही गांवांच्या नांवांत ती उघड आहे. कोंकणाबाहेर खानदेशांतील उनपदेव, नांदेडकडील उनकेश्वर, गुजराथेंतील उनाई, या सर्व ठिकाणीं ऊन झरे आहेत. गांवाचें नांव झऱ्यावरून पडलें तर नांव पडण्याच्या वेळीं पाणी ऊन होतें, इतकें निश्चित. म्हणून उन्हेरें हें नांव ज्या जुन्यांत जुन्या मितीच्या कागदांत सांपडेल, ती मिती त्या झऱ्याच्या उष्णतेच्या वयाची खालची मर्यादा होय. उष्णतामापकाचा शोध लागण्यापूर्वींच्या काळाविषयीं असा पुरावा दुसरा कोणता मिळणार?

तथापि नांवावर आंधळा विश्वास टाकूं नये. खालापूर तालुक्यांतूनच पाताळगंगा वाहते. नांव ऐकून कोणी म्हणेल कीं हें पाणी भूगर्भांतून उसळलेलें असावें. वस्तुतः ती खंडाळ्याच्या बाजूच्या सह्याद्रींतून उतरणारी साधी पावसाळी नदी. आणि आज तिला बारमाही पाणी दिसतें तें टाटांच्या विजेच्या कारखान्यामुळें. घाटमाथ्यावरील तलावांचें पाणी नळांतून खालीं सोडून १९१५ सालीं खोपोलीस वीज निर्माण होऊं लागली, व तें पाणी काम झाल्यावर पाताळगंगेस मिळतें. तेव्हां एक नांव अनुभवावरून पडलेलें व एक भक्तीनें दिलेलें. दोहोंची परीक्षा स्थळावर जाऊन केल्याशिवाय त्यांवर अनुमान रचूं नये.

आख्यायिकांचीही गोष्ट अशीच. वज्रेश्वरीच्या परिसरांतील ऊन पाणी म्हणजे देवीनें मारलेल्या राक्षसांचें रक्त, असें तेथील लोक सांगतात. चिमाजी अप्पांनीं वसईच्या मोहिमेंत, १७३९ सालीं, या देवीस नवस केला व पुढें तिचें देऊळ बांधविलें, ही परंपरा आमच्या वाचकांस ठाऊक आहे. आख्यायिकेवरून पाण्याचें कारण कळत नाहीं. पण ती रूढ झाली तेव्हां पाणी रक्ताहून थंड नव्हतें, एवढें तरी कळतें.

४

छापील साधनांत दोन याद्या महत्त्वाच्या. रॉबर्ट श्लागिंटवाइट यानें १८६४ सालीं हिंदुस्थान व हिमालयापलीकडील ऊन झऱ्यांची एक यादी प्रसिद्ध केली. आणि टॉमस ओल्डहॅम यानें जमविलेली यादी त्याच्या मुलानें, आर. डी. ओल्डहॅम यानें, १८८२ सालीं भूस्तर खात्याच्या ग्रंथमालेंत छापिली. पुढच्याच वर्षीं त्याच पितापुत्रांची हिंदुस्थानांतील भूकंपांची यादी बाहेर पडली. ऊन झरे व भूकंप यांचा विचार एकत्र करावा, ही बुद्धि तेव्हांपासूनची आहे. त्याच सुमारास मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे ठाणें व कुलाबा हे भाग अनुक्रमें १८८२ व १८८३ सालीं निघाले.

या साधनांचा शोध घेतांना एक अडचण येते. आज जो सलग रायगड जिल्हा दिसतो तो त्या वेळीं तसा नव्हता. कर्जत व त्याचें खालापूर पेट्याचें ठिकाण हीं १८९१ पर्यंत ठाणें जिल्ह्यांत होतीं. पाली व सुधागड हा टापू भोरच्या पंतसचिवांच्या संस्थानाकडे होता व १९४८ सालीं संस्थान विलीन झाल्यावर तो कुलाबा जिल्ह्यास जोडला गेला. कुलाब्यास रायगड हें नांव १९८१ सालीं मिळालें. म्हणून खालापुराहून उन्हेऱ्यास जाणारा यात्रेकरू आज एकाच जिल्ह्यांतून जातो, पण त्याच्या पणजोबानें केलेल्या त्याच यात्रेचे कागद तीन कचेऱ्यांत विभागले गेले. कुंडाची दुरुस्ती, पुजाऱ्याचें वर्षासन, यात्रेची पट्टी, या बाबी इंग्रजी दप्तरांत न मिळाल्या म्हणून त्या नव्हत्या असें समजूं नये. भोरकडील कागद पाहिले पाहिजेत.

आजच्या मोजणीप्रमाणें या पट्ट्यांतील झऱ्यांची उष्णता ३४ पासून ७१ अंशांपर्यंत आहे. सर्वांत ऊन उन्हवऱ्याचें पाणी, सत्तरीच्या घरांतलें. तुरळचें साठीच्या आसपास. अकलोली-गणेशपुरीचें पन्नाशीच्या आसपास. आणि उन्हेऱ्याचें चाळिशीच्या आसपास, म्हणजे स्नानास सोईचें.

५

या अंकांची जुन्या वर्णनांशीं तुलना करावयाची ती कशी? जुन्या कागदांत अंश नसतात, शब्द असतात. त्या शब्दांचें भाषांतर अंशांत करतां येतें, मात्र तें जपून केलें पाहिजे. मनुष्याच्या अंगाची ऊब ३७ अंश. त्याहून कमी पाण्यास कोणी ऊन म्हणत नाहीं, कोमट म्हणतो. सुमारें ३८ पासून ४३ पर्यंतचें पाणी स्नानास सुखकर. ४५ च्या पुढें तें अंगास सोसवत नाहीं. पन्नाशीच्या पाण्यांत हात क्षणभरच ठेवितां येतो. फडक्यांत बांधलेले तांदूळ शिजतात असें लिहिलें असेल तर पाणी सत्तरीच्या पुढें असावें.

यावरून एक अनुमान निघतें, व आमच्या मतें या विषयांतील मुख्य मुद्दा तोच आहे. ज्या कुंडांत पिढ्यान् पिढ्या लोक स्नान करीत आले त्या कुंडाची उष्णता पिढ्यान् पिढ्या पांचसहा अंशांच्या अरुंद पट्ट्यांत राहिली असली पाहिजे. पाणी निवलें असतें तर यात्रेकरूंनीं कुंडाची कीर्ति गाइली नसती. तापलें असतें तर त्यांस उतरतां आलें नसतें. स्नानाची वहिवाट हाच येथें उष्णतामापक आहे, आणि काचेच्या नळीचा उष्णतामापक या देशांत येण्यापूर्वींच्या वर्षांची नोंदही त्यांत आहे. बॅरन बेटाच्या झऱ्याजवळ अशी वहिवाट बसलीच नसती. उकळत्या पाण्यापासून स्नानाच्या पाण्यापर्यंत जो झरा एका आयुष्यांत उतरतो त्याच्या काठीं देऊळ व धर्मशाळा उभी राहण्यास अवसर कोठला?

या अनुमानावर घेण्याजोगे आक्षेप आम्हीच सांगतों. पहिला विसणाचा. पाणी फार ऊन असेल तर लोक त्यांत विसण घालतात, किंवा शेजारीं दुसरें हौद बांधून निववून घेतात. म्हणून कागदांत विसणाचा, दुसऱ्या हौदाचा किंवा थंड पाण्याच्या पाटाचा उल्लेख आहे काय तें पाहावें; असेल तर मूळ झरा ४५ अंशांच्या वर होता असें धरावें. दुसरा आक्षेप ऋतूचा. कोंकणचा पाऊस मोठा. श्रावणांत वरचें थंड पाणी झऱ्यांत मिसळतें व वैशाखांत मिसळत नाहीं. तेव्हां श्रावणांतील नोंद वैशाखांतील नोंदीशीं ताडून झरा तापला म्हणणें चूक होय. सुदैवानें आमच्या कागदांवर मास व तिथि असते. आणि नुसता सुहूर सन असला तरी तो मृगापासून सुरू होतो, हें ध्यानांत ठेवून महिन्यावरून ऋतु ठरवितां येतो. तिसरा आक्षेप स्थळाचा. एकाच गांवांत दोन-तीन कुंडें असतात, एक अति ऊन व एक बेताचें. कोणतें कुंड हें न सांगणारी नोंद तुलनेस निरुपयोगी. जुनें अस्सल व नक्कल यांत आम्ही जितका कसोशीनें भेद करितों तितक्याच कसोशीनें हे भेद केले पाहिजेत.

६

उष्णता स्थिर राहिली, असें मानलें तर ती येते कोठून? ज्वालामुखीवांचून पाणी कसें तापतें? याचें उत्तर साधें आहे. जमिनींत दर किलोमीटर खालीं गेलें कीं उष्णता सामान्यतः २५ ते ३० अंशांनीं वाढते. पावसाचें पाणी भेगांतून खोल उतरतें, तेथें तापतें, आणि दुसऱ्या भेगेनें वर येतें. तें किती खोल गेलें होतें हें त्यांत विरघळलेल्या गारेच्या अंशावरून कळतें, कारण पाणी जितकें अधिक ऊन तितकी गार अधिक विरघळते, आणि वर येतांना पाणी निवलें तरी ती पुष्कळशी तशीच राहते. या रीतीनें पश्चिम किनाऱ्यावरील झऱ्यांचें पाणी खोलीवर शंभर अंशांच्या पुढेंमागें तापतें असें दिसून आलें आहे. २७ पासून १०० पर्यंत चढण्यास ७३ अंश हवेत. किलोमीटरास ३० अंश धरले तर सुमारें अडीच किलोमीटर खोली पुरते. एवढ्यासाठीं पेटता शिलारस जवळ असण्याचें कारण नाहीं.

कोयनेजवळ पाडलेल्या एका खोल भोकांत सुमारें ९३० मीटरांवर काळा दगड संपून खालीं ग्रॅनाइटच्या जातीचा जुना खडक लागला. म्हणजे हें पाणी अग्निजन्य थरांच्या तळाखालीं जाऊन येत असणें संभवनीय आहे. आणि त्या जुन्या खडकांत जीं किरणोत्सारी द्रव्यें आहेत तीं मंद परंतु अखंड ऊब देत असतात. भेगांचें म्हणाल तर पनवेलच्या बाजूस दगडाचे थर आडवे न राहतां समुद्राकडे कलतात. ऑडेन यानें १९४९ सालीं या वळणाचा व येथील भेगांत भरलेल्या भिंतीसारख्या खडकांचा विचार केला. सह्याद्रीच्या पायथ्याशीं जमीन जेथें वांकली व तडकली तेथूनच पाण्यास खालीं-वर जाण्याची वाट मिळाली. ऊन झऱ्यांची रांग समुद्राशीं समांतर कां, याचेंही उत्तर यांतच आहे.

याप्रमाणें दोन पुरावे एकमेकांस दुजोरा देतात. भूस्तरशास्त्र सांगतें कीं ही ऊब खोलीची आहे व म्हणून स्थिर असावी. नांवें व वहिवाट सांगतात कीं ती स्थिर राहिली आहे. ज्या शिलारसानें कर्जतचे कडे घडविले तो कोट्यवधि वर्षांपूर्वींच थंड झाला. उन्हेऱ्याचें पाणी ज्वालामुखीचा निरोप घेऊन येत नाहीं.

७

मग नजर ठेवण्याचें प्रयोजन संपलें काय? आमच्या मतें नाहीं. कोयनेच्या परिसरांत १९९० नंतरच्या दशकांत एकवीस विंधणविहिरी केवळ पाण्याची पातळी पाहण्यासाठीं खोदण्यांत आल्या, व तेथील कांहीं भूकंपांच्या वेळीं पातळींत फरक पडलेला आढळला. भूकंपानें भेगा उघडतात किंवा मिटतात, व त्याचा परिणाम झऱ्याच्या ओघावर व उष्णतेवर होणें शक्य आहे. शिवाय आज कुंडांच्या आसपास विंधणविहिरी होत आहेत, कुंडें सिमेंटानें बांधलीं जात आहेत. उद्यां उन्हेऱ्याचें पाणी दोन अंशांनीं उतरलें किंवा चढलें तर कारण पंपाचें, पावसाचें, बांधकामाचें कीं भूकंपाचें, हें सांगण्यास मागील अंश हवे. ते नसले तर पुन्हां ज्वालामुखीची आवई उठेल आणि तिला उत्तर देण्यास कोणापाशीं कागद नसेल.

इर्शाळवाडीच्या संबंधानें एक गोष्ट स्पष्ट लिहून ठेवितों. कुंडांचें पाणी डोंगराच्या उतरणीविषयीं कांहीं सांगत नाहीं. तो धोका पावसाचा आहे. त्यासाठीं पर्जन्यमापक, नव्या भेगांवर लक्ष आणि वेळीं स्थलांतर हेच उपाय. ज्वालामुखीच्या भयांत गुंतलेला मनुष्य डोक्यावरच्या डोंगराकडे पाहण्याचें विसरतो, म्हणूनच ही शंका कागदोपत्रीं निकालांत काढणें आम्हांस अगत्याचें वाटलें.

आमच्या वाचकांस विनंति अशी. ज्यांच्या संग्रहांत पंतसचिवांच्या किंवा पाली, नागोठणें, खालापूर, कर्जत या बाजूचे कागद असतील त्यांनीं ते या एका दृष्टीनें पुन्हां चाळावे. उन्हेरें हें नांव ज्यांत येतें असा जुन्यांत जुना कागद मितीसह प्रसिद्ध करावा. तीर्थमाहात्म्यें, यात्रेचे जमाखर्च, पुजाऱ्यांचे तंटे, कुंडाच्या दुरुस्तीचे हिशेब यांत पाणी ऊन, कोमट, असह्य, आटलेलें किंवा गढूळ असल्याचा शब्द आला असेल तर तो शब्द, मिती व कुंडाचें नांव जसेंच्या तसें उतरून घ्यावें. धरणीकंपाची नोंद असल्यास ती शेजारीं ठेवावी. आणि जे वाचक त्या बाजूस जातील त्यांनीं एक साधा उष्णतामापक बरोबर न्यावा. प्रत्येक कुंडाचा अंश, दिवस, वेळ व आदल्या आठवड्याचा पाऊस लिहावा. शेजारच्या एखाद्या साध्या विहिरीचाही अंश घ्यावा, म्हणजे ताडून पाहण्यास आधार राहील. आज लिहिलेली ही ओळ शंभर वर्षांनीं अस्सल साधन होईल. मॅलेटला गलबतवाल्यांच्या रोजनिशा उपयोगी पडल्या, तशा आपल्या वह्या पुढच्या संशोधकास पडाव्या, इतकेंच.